घरचे सुरक्षा कॅमेरे संगणकाशी आणि मोबाइलशी कसे जोडावेत

घरात बसवलेला सुरक्षा कॅमेरा बहुधा त्याच्या कंपनीच्या मोबाइल ॲपला जोडला जातो आणि तेवढ्यावर काम भागले असे मानले जाते. दृश्य कंपनीच्या सर्व्हरच्या मदतीने फोनवर दिसते आणि चित्रण कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवर किंवा वर्गणी भरून घेतलेल्या क्लाउडवर साठते. या व्यवस्थेच्या मर्यादा नेमक्या गरजेच्या वेळी समोर येतात. कॅमेरा उचकटून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर जाते, दोन कंपन्यांचे कॅमेरे असतील तर एकाच घटनेचा माग दोन ॲपमध्ये घ्यावा लागतो, आणि कंपनीने सेवा बंद केली किंवा वर्गणीचे नियम बदलले तर जुने फुटेज हाती राहील याची शाश्वती नसते. घरातल्याच एका संगणकावर देखरेखीचे सॉफ्टवेअर चालवून सर्व कॅमेरे त्याला जोडले, तर चित्रण आपल्या ताब्यात राहते आणि फोनवर पाहण्याची सोयही जात नाही.

या जोडणीचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम कॅमेरा घरातल्या नेटवर्कवर स्थिर करावा, मग तो संगणकावर दिसतो का हे तपासावे, त्यानंतर नोंद सुरू करावी, आणि मोबाइलचा विचार सर्वांत शेवटी करावा. बहुतेकांना फोनवर चित्र पाहण्याची घाई असते आणि त्या घाईत कॅमेरा थेट इंटरनेटवर उघडा पडतो. त्यामुळे पुढील सर्व सूचनांमागे एकच आग्रह आहे: कॅमेऱ्याशी फक्त संगणकाने बोलावे, आणि फोनने फक्त त्या संगणकाशी.

कॅमेरा या कामासाठी योग्य आहे का

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात दोन नावे शोधावीत: आरटीएसपी आणि ओएनव्हीआयएफ. आरटीएसपी ही नेटवर्कवरून चलचित्र मागवण्याची प्रमाणित पद्धत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा नेहमीचा पोर्ट (उपकरणावर त्या सेवेसाठी ठरलेले क्रमांकाचे दार) ५५४ आहे. ओएनव्हीआयएफ हे ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी २००८ मध्ये स्थापन केलेल्या मंचाचे मानक असून, वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि सॉफ्टवेअर यांना एकमेकांना ओळखता यावे हा त्याचा हेतू आहे. त्यात ‘प्रोफाइल एस’ म्हणजे साध्या दृश्यप्रसारणाची सोय, तर ‘प्रोफाइल टी’ म्हणजे एच.२६५ सारखे नवे कोडेक (चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धती) आणि हालचालीच्या सूचना यांचीही सोय. दोन्हीपैकी एकही नाव सापडले नाही, तर तो कॅमेरा स्वतंत्र सॉफ्टवेअरला जोडला जाण्याची शक्यता फारच कमी आहे.

बॅटरीवर चालणारे कॅमेरे बहुतेक वेळा या कामात बसत नाहीत. ऊर्जा वाचवण्यासाठी ते झोपेत राहतात आणि हालचाल जाणवल्यावरच जागे होतात, त्यामुळे सतत दृश्य पाठवणे त्यांना परवडत नाही. रिंग किंवा ब्लिंक यांसारख्या, कंपनीच्या क्लाउडवर आधारलेल्या कॅमेऱ्यांतही आरटीएसपीची थेट सोय नसते. नवा कॅमेरा घ्यायचा असेल तर ही चौकशी खरेदीपूर्वीच करावी, कारण सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी ही उणीव नंतर भरून काढता येत नाही.

घरात जुने, जाड कोॲक्सिअल केबलचे कॅमेरे आणि त्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) असेल, तर तो टाकून देण्याची गरज नाही. बहुतेक डीव्हीआर नेटवर्कला जोडता येतात आणि प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र स्वतंत्र चॅनल म्हणून आरटीएसपीने देतात. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मग तो डीव्हीआर म्हणजे एकाच पत्त्यावर राहणारे चार किंवा आठ कॅमेरे ठरतात.

नेटवर्क आणि न बदलणारा पत्ता

जिथे तार ओढणे शक्य आहे तिथे तारच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वाय-फाय कॅमेरा बसवायला सोपा असतो, पण भिंती, अंतर आणि शेजारच्या घरांतील राउटर यांचा त्याच्यावर सतत परिणाम होतो, आणि सुरक्षा कॅमेऱ्याचे चित्र तुटते ते बऱ्याचदा नको त्या क्षणी तुटते. पीओई प्रकारच्या कॅमेऱ्यात वीज आणि माहिती एकाच नेटवर्क केबलमधून जाते. त्याचे मूळ मानक २००३ चे असून ते प्रत्येक पोर्टला १५.४ वॅटपर्यंत वीज देते, जी सामान्य घरगुती कॅमेऱ्याला पुरेशी असते. केबलची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी. शिवाय पीओई स्विचला एक यूपीएस जोडला, की वीज गेल्यावरही सर्व कॅमेरे एकाच वेळी चालू राहतात.

वाय-फाय अटळ असेल तर दूरच्या कॅमेऱ्यासाठी २.४ गिगाहर्ट्झ पट्टा निवडावा, कारण तो भिंतींतून अधिक चांगला पोहोचतो. त्या पट्ट्यात राउटरचा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठेवावा, कारण २० मेगाहर्ट्झच्या रुंदीत हे तीनच चॅनल एकमेकांवर आक्रमण करत नाहीत. ज्या संगणकावर नोंद होणार आहे तो तरी निदान तारेनेच राउटरला जोडावा, नाहीतर प्रत्येक चित्राला हवेतून दोनदा प्रवास करावा लागतो.

यानंतरचे काम छोटे असले तरी ते टाळले तर पुढे त्रास ठरलेला आहे. राउटर प्रत्येक उपकरणाला १९२.१६८.१.५० अशा धर्तीचा आयपी पत्ता देतो आणि राउटर पुन्हा सुरू झाल्यावर तो बदलू शकतो. सॉफ्टवेअर जुन्याच पत्त्यावर कॅमेरा शोधत राहते आणि नोंद थांबलेली आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून राउटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन डीएचसीपी आरक्षणाचा पर्याय शोधावा आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या मॅक पत्त्यासमोर (उपकरणाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकासमोर) एक कायमचा आयपी पत्ता नोंदवावा. संगणकासाठीही असेच आरक्षण करावे. कोणता कॅमेरा कुठे आहे, त्याचा पत्ता आणि मॉडेल कोणते, हे एका वहीत लिहून ठेवावे.

कॅमेऱ्याच्या आतल्या सेटिंग्ज

कॅमेऱ्याचा पत्ता संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकला की अनेक कॅमेऱ्यांचे स्वतःचे नियंत्रण-पान उघडते. काही घरगुती कॅमेऱ्यांत ते नसते आणि सर्व बदल कंपनीच्या ॲपमधूनच करावे लागतात. दोन्ही ठिकाणी प्रथम फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे आणि मूळ पासवर्ड बदलावा. त्यानंतर फक्त दृश्य पाहण्याचा अधिकार असलेला दुसरा वापरकर्ता तयार करून सॉफ्टवेअरला तोच द्यावा, म्हणजे संगणकातून तो पासवर्ड कुणाच्या हाती लागला तरी कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज बदलता येणार नाहीत. पासवर्ड लांब असावा, पण केवळ अक्षरे आणि अंक यांचा. @, /, # आणि : ही चिन्हे आरटीएसपीच्या पत्त्यात वेगळ्या अर्थाने वापरली जातात, आणि ती पासवर्डमध्ये आली की सर्व काही बरोबर असूनही जोडणी नाकारली जाते.

कंपन्यांनुसार काही बारकावे आहेत. टापो कॅमेऱ्यांत ॲपच्या प्रगत सेटिंग्जमध्ये ‘कॅमेरा अकाउंट’ वेगळे तयार केल्याशिवाय आरटीएसपी चालत नाही, आणि ॲपमध्ये लॉगिन करण्याचा पासवर्ड तिथे उपयोगी पडत नाही. हिकव्हिजनच्या अलीकडच्या फर्मवेअरमध्ये ओएनव्हीआयएफ मुळात बंद असते. ते नेटवर्कच्या सेटिंग्जमधून सुरू करून त्याच्यासाठी स्वतंत्र वापरकर्ता जोडावा लागतो.

आता चित्राकडे वळू. जवळजवळ प्रत्येक कॅमेरा एकाच वेळी दोन स्ट्रीम, म्हणजे चित्राचे दोन प्रवाह, देतो: मोठ्या आकाराची मुख्य स्ट्रीम आणि लहान आकाराची दुय्यम स्ट्रीम. नोंदीसाठी मुख्य, आणि हालचाल ओळखणे व मोबाइलवर पाहणे यासाठी दुय्यम, अशी विभागणी केल्यास साधा संगणकही चार-सहा कॅमेरे सहज सांभाळतो. मुख्य स्ट्रीमसाठी प्रतिसेकंद १५ फ्रेम पुरेशा असतात. ३० फ्रेममुळे घरगुती देखरेखीत डोळ्याला फारसे अधिक काही मिळत नाही, पण संगणकावरचा भार वाढतो. दुय्यम स्ट्रीम ६४० बाय ३६० किंवा ६४० बाय ४८० पिक्सेल आणि सुमारे ५१२ केबीपीएस (प्रतिसेकंद किलोबिट) अशी ठेवावी.

कोडेकच्या निवडीत थोडा विचार लागतो. एच.२६५ कमी जागेत तसेच चित्र साठवते, मात्र सर्व ब्राउझर आणि फोन ते सारख्याच सहजतेने दाखवत नाहीत. एच.२६४ हे २००३ पासूनचे असल्याने जवळपास सर्वत्र चालते. डिस्कची जागा अगदीच तुटपुंजी नसेल तर दोन्ही स्ट्रीम एच.२६४ मध्ये ठेवाव्यात, आणि दुय्यम स्ट्रीम तर निश्चितच. जागा वाचवण्यासाठी कंपन्यांनी दिलेले ‘स्मार्ट कोडेक’ किंवा ‘प्लस’ असे पर्याय बंद करावेत. ते संपूर्ण चित्र असलेल्या मूळ फ्रेममधले अंतर लांबवतात आणि त्यामुळे फुटेज मागे-पुढे करताना अडखळते. या मूळ फ्रेमचे अंतर, ज्याला सेटिंग्जमध्ये आय-फ्रेम इंटरव्हल म्हणतात, ते फ्रेमच्या दराइतके ठेवावे. म्हणजे दर १५ असेल तर अंतरही १५, जेणेकरून प्रत्येक सेकंदाला एक पूर्ण चित्र मिळेल. हालचाल सुरू होताच नोंद नेमक्या जागेपासून मिळते की दोन-चार सेकंद हरवतात, हे बरेचसे या एका आकड्यावर ठरते.

शेवटी घड्याळ. कॅमेऱ्याची वेळ एनटीपी सर्व्हरशी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या सर्व्हरशी) जुळवून घ्यावी आणि टाइम झोन बरोबर निवडावा. दहा मिनिटे पुढे-मागे असलेली वेळ चित्रावर उमटली असेल, तर ते फुटेज पुरावा म्हणून दाखवताना त्यावर शंका घेतली जाऊ शकते.

सॉफ्टवेअरआधी व्हीएलसीवर चाचणी

देखरेखीचे सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये कॅमेऱ्याचे चित्र उघडून पाहावे. अनेक जण ही पायरी वगळतात आणि मग बिघाड कॅमेऱ्यात, पत्त्यात की सॉफ्टवेअरमध्ये हे शोधण्यात संध्याकाळ घालवतात. व्हीएलसीच्या ‘मीडिया’ मेनूतून नेटवर्क स्ट्रीम उघडण्याचा पर्याय निवडून तिथे आरटीएसपीचा पूर्ण पत्ता टाकावा.

तो पत्ता ठरावीक क्रमाने, रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत, मध्ये मोकळी जागा न सोडता लिहायचा असतो. आधी ‘आरटीएसपी’ ही अक्षरे, अपूर्णविराम आणि दोन तिरप्या रेघा. मग वापरकर्त्याचे नाव, अपूर्णविराम, पासवर्ड. मग @ हे चिन्ह. मग आयपी पत्ता, अपूर्णविराम, पोर्ट ५५४. आणि शेवटी तिरपी रेघ देऊन त्या कंपनीने ठरवलेला मार्ग. हिकव्हिजनमध्ये या मार्गात ‘स्ट्रीमिंग’ आणि ‘चॅनल्स’ या शब्दांनंतर १०१ हा आकडा म्हणजे पहिल्या कॅमेऱ्याची मुख्य स्ट्रीम, १०२ म्हणजे त्याचीच दुय्यम स्ट्रीम, आणि डीव्हीआरवर २०१ म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्याची मुख्य स्ट्रीम. दाहुआमध्ये ‘चॅनल’ आणि ‘सबटाइप’ असे दोन घटक असतात. सबटाइप ० म्हणजे मुख्य आणि १ म्हणजे दुय्यम. टापोमध्ये ‘स्ट्रीम’ या शब्दाला जोडून १ किंवा २ एवढेच पुरते. इतर कंपन्यांचा मार्ग त्यांच्या माहितीपुस्तिकेत सापडतो, आणि ओएनव्हीआयएफ चालू असेल तर सॉफ्टवेअर तो स्वतःच विचारून घेते.

चित्र दिसले तर पुढचा रस्ता मोकळा आहे. पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारला जात असेल तर वापरकर्ता किंवा पासवर्ड चुकला आहे. बराच वेळ काहीच न होता जोडणी फसली, तर पत्ता किंवा पोर्ट तपासावा. संगणक आणि कॅमेरा एकाच नेटवर्कवर आहेत ना हेही पाहावे. राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर जोडलेली उपकरणे बहुधा एकमेकांना दिसत नाहीत.

कोणते सॉफ्टवेअर निवडावे

ब्लू आयरिस हे विंडोजवर चालणारे, पैसे देऊन घ्यायचे आणि दीर्घकाळ वापरात असलेले सॉफ्टवेअर आहे. त्यात एका संगणकावर ६४ कॅमेऱ्यांपर्यंतची सोय आहे आणि अँड्रॉइड व आयफोन दोन्हींसाठी स्वतंत्र ॲप मिळते. एजंट डीव्हीआर हे विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते, त्याचा कारभार ब्राउझरमधून होतो आणि घरातल्या घरात वैयक्तिक वापरासाठी ते मोफत आहे; कंपनीच्या मार्फत बाहेरून पाहण्याच्या सोयीला वर्गणी पडते, पण खाली दिलेल्या पद्धतीत तिची गरज भासत नाही. फ्रिगेट हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या प्रणालीत) चालते आणि माणूस, गाडी, प्राणी यांतला फरक संगणकावरच ओळखते, मात्र त्याची मांडणी मजकुराच्या फाइलमधून करावी लागत असल्याने लिनक्सची थोडी ओळख हवी. झोनमाइंडर हा लिनक्सवरचा जुना, मुक्त-स्रोत पर्याय आहे.

प्रथमच हे काम करणाऱ्याने एजंट डीव्हीआरपासून सुरुवात करावी असे मी सुचवेन, कारण पैसे न गुंतवता आपले कॅमेरे आणि आपला संगणक यांची क्षमता त्यातून कळते. सवय झाल्यावर माणूस ओळखण्याची अचूकता हवी असेल तर फ्रिगेटकडे जावे.

संगणक फार नवा असण्याची गरज नाही. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समधली क्विक सिंक ही सोय चित्राची उकल करण्याचे काम प्रोसेसरवरून उतरवते, म्हणून ती असलेला साधा डेस्कटॉपही चांगला चालतो. लॅपटॉप मात्र टाळावा, कारण दिवसरात्र चार्जिंगवर राहिल्याने त्याची बॅटरी फुगण्याचा धोका असतो.

डिस्कचा हिशेब

मुख्य स्ट्रीम ४ एमबीपीएस असेल तर एका कॅमेऱ्याचे सतत चित्रण दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा घेते. हा हिशेब सोपा आहे: प्रतिसेकंद ४ मेगाबिटला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणावे आणि बिटचे बाइट करण्यासाठी ८ ने भागावे. चार कॅमेऱ्यांचे झाले सुमारे १७३ जीबी. ४ टीबीच्या डिस्कवर दहावा हिस्सा मोकळा ठेवला तरी जवळपास २० दिवसांचे फुटेज राहते. केवळ हालचालीच्या वेळी नोंद केली तर हेच कितीतरी अधिक दिवस टिकते, पण हालचाल ओळखणारी यंत्रणा कधीकधी चुकते. माझ्या मते महत्त्वाच्या दारावरच्या कॅमेऱ्याची नोंद सतत असावी आणि हालचालीच्या घटनांना त्यात केवळ खूण व्हावी.

चित्रणासाठी ऑपरेटिंग सिस्टिमपासून वेगळी डिस्क वापरावी. डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक यांसारख्या डिस्क सतत लिहिण्याच्या कामासाठी बनवलेल्या असतात. सॉफ्टवेअरमध्ये कमाल जागा ठरवून द्यावी, म्हणजे ती भरली की सर्वांत जुने फुटेज आपोआप पुसले जाते. ही मर्यादा न घालता सोडले तर एक दिवस डिस्क भरते आणि नोंद थांबते.

कॅमेरे सॉफ्टवेअरला जोडणे

एजंट डीव्हीआर बसवल्यावर त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे हाच संगणक) आणि पोर्ट ८०९० असा पत्ता टाकला की त्याचे पान उघडते. सर्वांत आधी त्याला स्वतःचा पासवर्ड लावावा, कारण घरातल्या नेटवर्कवरच्या कुणालाही ते पान उघडता येते. मग नवीन उपकरण जोडण्याच्या पर्यायात ओएनव्हीआयएफ निवडून कॅमेऱ्याचा पत्ता, वापरकर्ता आणि पासवर्ड भरावा. सॉफ्टवेअर कॅमेऱ्याकडून स्ट्रीमची यादी मागवते. त्यातून नोंदीसाठी मोठी आणि थेट दृश्यासाठी लहान स्ट्रीम निवडावी. टापोसारख्या कॅमेऱ्यांचा ओएनव्हीआयएफ पोर्ट २०२० आहे, हे लक्षात ठेवावे. ओएनव्हीआयएफने ओळख पटली नाही तर व्हीएलसीमध्ये चाललेला आरटीएसपी पत्ता थेट भरावा.

दोन गोष्टी येथे नक्की पाहाव्यात. पहिली, वाहतुकीची पद्धत टीसीपी ठेवावी. टीसीपीमध्ये हरवलेले तुकडे पुन्हा मागवले जातात, पण यूडीपी या दुसऱ्या पद्धतीत माहितीचे तुकडे हरवले की चित्र राखाडी पडते किंवा ओघळल्यासारखे दिसते. दुसरी, नोंद करताना चित्र पुन्हा एन्कोड होऊ (कोडेकने नव्याने दाबले जाऊ) देऊ नये. कॅमेऱ्याकडून आलेले चित्र जसेच्या तसे डिस्कवर लिहिण्याचा पर्याय प्रत्येक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. ब्लू आयरिसमध्ये त्याला ‘डायरेक्ट टू डिस्क’ म्हणतात. तो चालू नसेल तर दोन-तीन कॅमेऱ्यांतच प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो आणि लोक संगणक जुना झाला असे समजून बसतात.

एक कॅमेरा जोडून तो दिवसभर नीट चालू द्यावा, मगच दुसरा जोडावा.

हालचाल ओळखण्याची क्षेत्रे आखताना हलणारी झाडे, रस्त्यावरची वाहने आणि चित्रावरचे घड्याळाचे आकडे वगळावेत. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड प्रकाशात जवळून उडणारे कीटक मोठे दिसतात आणि वारंवार खोटी सूचना देतात. त्यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्यासमोरची कोळ्याची जाळी नियमित काढणे आणि शक्य असेल तर इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून दूर, वेगळा बसवणे. घटनेपूर्वीची ५ ते १० सेकंदे साठवणारा बफर चालू ठेवावा, म्हणजे माणूस चौकटीत शिरतानाचे चित्रही मिळते. कॅमेऱ्याची दिशा ठरवताना शेजाऱ्यांच्या खिडक्या आणि अंगण चौकटीबाहेर राहील असे पाहावे, आणि ते जमत नसेल तर कॅमेऱ्यातली प्रायव्हसी मास्कची सोय वापरून तो भाग झाकावा. ध्वनिमुद्रणाचे कायदे देशोदेशी वेगळे आणि चित्रणाहून बरेचदा कडक असतात, म्हणून मायक्रोफोन प्रथम बंदच ठेवावा.

मोबाइलवर पाहणे

फोन घरातल्याच वाय-फायवर असताना ब्राउझरमध्ये संगणकाचा आयपी पत्ता आणि पोर्ट ८०९० टाकून पाहावे. पान उघडले नाही तर संगणकाच्या फायरवॉलमध्ये (नेटवर्कवरची ये-जा अडवणाऱ्या सोयीत) त्या पोर्टला फक्त खासगी नेटवर्कपुरती परवानगी द्यावी. ब्लू आयरिसमध्ये हाच पोर्ट सामान्यतः ८१ असतो. घरात हे नीट चालल्याखेरीज बाहेरून पाहण्याच्या खटाटोपात पडू नये.

बाहेरून पाहण्यासाठी इंटरनेटवरचे अनेक जुने लेख राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करायला, म्हणजे इंटरनेटवरून थेट घरातल्या उपकरणापर्यंत दार उघडायला, सांगतात. ते करू नये. पोर्ट उघडला की जगभर सतत चालणाऱ्या स्वयंचलित शोधकांना तो लवकरच सापडतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने सुमारे ६० सर्वसामान्य नाव-पासवर्डच्या जोड्या आजमावून असंख्य कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या एकत्रित माऱ्याने डाइन (Dyn) या कंपनीची डीएनएस सेवा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) कोलमडून अनेक मोठी संकेतस्थळे तासन्‌तास बंद पडली. ज्यांच्या घरी ती उपकरणे होती त्यांना याचा पत्ताही नव्हता. पासवर्ड बदलल्याने धोका कमी होतो, पण फर्मवेअरमधली त्रुटी पासवर्डला वळसा घालून जाते. २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक मॉडेलांत अशी त्रुटी उघड झाली होती. राउटरमधली यूपीएनपी सोयही बंद करावी, कारण तिच्यामुळे कॅमेरा आपल्याला न विचारता पोर्ट उघडू शकतो.

सुरक्षित मार्ग व्हीपीएनचा आहे. फोन आणि संगणक यांच्यात एक कूटबद्ध खासगी जोडणी होते आणि फोन कुठेही असला तरी तो घरातच असल्यासारखा वागतो. वायरगार्ड ही यासाठीची वेगवान आणि आटोपशीर प्रणाली असून अनेक नव्या राउटरमध्ये ती अंगभूत मिळते. तिच्यासाठी यूडीपीचा एक पोर्ट, सामान्यतः ५१८२०, उघडावा लागतो. मात्र योग्य गुप्त किल्ली नसलेल्याला ती उत्तरच देत नाही, त्यामुळे शोधकांना तिथे काही असल्याचे कळत नाही.

यात एक अडथळा येऊ शकतो. अनेक इंटरनेट सेवा कंपन्या ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत, तर अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, किंवा ‘माझा आयपी पत्ता’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरच्या पत्त्याशी जुळत नसेल, तर आपण अशा व्यवस्थेच्या मागे आहोत आणि बाहेरून थेट जोडणी होणार नाही. तेव्हा टेलस्केल वापरावे. ते वायरगार्डवरच आधारलेले आहे, कोणताही पोर्ट उघडायला लावत नाही आणि वैयक्तिक वापरासाठी त्याची मोफत योजना आहे. नोंदीच्या संगणकावर आणि फोनवर ते बसवून दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करावे. त्यानंतर संगणकाला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो. फोनचे वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावर, ब्राउझरमध्ये तो पत्ता आणि ८०९० हा पोर्ट टाकला की तेच पान उघडले पाहिजे. त्या खात्याला दोन टप्प्यांची ओळख-पडताळणी लावावी आणि नोंदीच्या संगणकाची किल्ली ठरावीक मुदतीने कालबाह्य होण्याची अट बंद करावी, नाहीतर काही महिन्यांनी नेमके प्रवासात असताना दार बंद झालेले आढळते.

बाहेरून पाहताना घरच्या इंटरनेटचा अपलोड वेग कामी येतो. ४ एमबीपीएसची मुख्य स्ट्रीम फोनवर ओढण्यापेक्षा ५१२ केबीपीएसची दुय्यम स्ट्रीम पाहावी. चार कॅमेरे एकदम उघडले तरी सुमारे २ एमबीपीएसमध्ये भागते. सूचना उशिरा येत असतील तर फोनच्या बॅटरी बचतीच्या यादीतून ते ॲप आणि टेलस्केल दोन्ही वगळावेत.

कॅमेऱ्यांचे इंटरनेट बंद करणे

फोनवरचे दृश्य आता संगणकामार्फत येत असल्याने कॅमेऱ्यांना इंटरनेटची गरज उरत नाही. राउटरच्या पालक-नियंत्रणाच्या किंवा फायरवॉलच्या सोयीने त्यांच्या पत्त्यांचा बाहेरचा मार्ग अडवावा. यानंतर कंपनीचे ॲप बाहेरून चालणार नाही आणि कॅमेऱ्याचे घड्याळही भरकटू लागेल, म्हणून राउटर किंवा तोच संगणक एनटीपी सर्व्हर म्हणून नेमावा. काही क्लाउडप्रधान कॅमेरे इंटरनेट तुटल्यावर वारंवार पुन्हा सुरू होतात. तसे दिसल्यास त्यांना मोकळे ठेवण्यावाचून पर्याय नसतो. फर्मवेअर अद्ययावत करायचे असेल तेव्हा अडवणूक तात्पुरती काढावी.

व्यवस्था अखंड चालू ठेवणे

संगणकाची झोप पूर्ण बंद करावी. वीज परत आल्यावर तो आपोआप सुरू व्हावा यासाठी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) पर्याय असतो, आणि सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून, म्हणजे पार्श्वभूमीत आपोआप चालेल असे, बसवले म्हणजे कुणी लॉगिन न करताही नोंद सुरू होते. अँटिव्हायरसला चित्रणाचे फोल्डर तपासण्यातून वगळायला सांगावे, कारण दर सेकंदाला बदलणाऱ्या मोठ्या फाइल तपासत बसल्याने नोंद अडखळते. राउटर, स्विच आणि संगणक ही तिन्ही उपकरणे यूपीएसवर असावीत. यांतले एकही वगळले तर बाकीच्या दोघांना वीज मिळून उपयोग नाही. संगणक दर्शनी खोलीत ठेवू नये आणि हालचालीच्या घटनांच्या क्लिप घराबाहेरच्या एखाद्या साठवणुकीत आपोआप जातील अशी योजना करावी, कारण चोर संगणकही उचलून नेऊ शकतो.

महिन्यातून एकदा प्रत्येक कॅमेऱ्याचे आदल्या आठवड्यातले कोणतेही रात्रीचे फुटेज उघडून पाहावे. थेट दृश्य दिसते म्हणून नोंदही होत असेल असे गृहीत धरू नये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी बंद पडल्याची जाणीव पहिली कधीच करून देत नाही.

एखाद्या घटनेचे फुटेज पोलिसांना किंवा विमा कंपनीला द्यायचे असेल, तर पडद्याचे मोबाइलने चित्रण करून देऊ नये. सॉफ्टवेअरमधून मूळ फाइल एक्स्पोर्ट करावी, घटनेच्या आधीची आणि नंतरची काही मिनिटेही तिच्यात घ्यावीत, आणि डिस्कवरची मूळ नोंद आपोआप पुसली जाऊ नये म्हणून तिला सॉफ्टवेअरमध्येच संरक्षित अशी खूण करून तिची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी.